खर्ज, भिंत आणि हेडफोन : घरातल्या मोठ्या आवाजाचा इतिहास



रात्रीची वेळ आहे. तुमच्या खोलीत गाणी लागली आहेत आणि दार बंद आहे. तरीही पलीकडच्या खोलीतून आई विचारते, "अरे, ही धडधड कसली?" तिला गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, चालही कळत नाही. पोहोचतो तो फक्त ठोका. असे का होते आणि गेल्या शंभर वर्षांत अभियंत्यांनी या अडचणीचे काय केले, हे या पाठात पाहू.

१. भिंत खर्ज का अडवत नाही?

हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. म्हणून ५,००० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी जेमतेम ७ सेंटिमीटर भरते, तर ५० हर्ट्झच्या खर्जाची जवळजवळ ७ मीटर, म्हणजे तुमच्या खोलीपेक्षाही मोठी. साधी भिंत किंवा दार आवाज अडवते ते मुख्यतः स्वतःच्या वजनाने. ढोबळ नियम असा की, वारंवारता निम्मी झाली की भिंतीची अडवणूक सुमारे ६ डेसिबलने घटते. ३,२०० हर्ट्झपासून ५० हर्ट्झपर्यंत वारंवारता सहा वेळा निम्मी होते. सहा सक छत्तीस. तितके डेसिबल संरक्षण कमी झाले! गाण्याचे शब्द दाराशी थांबतात आणि ठोका पुढे जातो, त्याचे कारण हे. भिंतीवर पडदे किंवा अंड्यांचे ट्रे लावून खोलीतला घुमारा थोडा कमी होईल, पण खर्ज थांबणार नाही.

२. खर्ज घरात कसा आला?

सुरुवातीच्या कर्ण्याच्या ग्रामोफोनमध्ये खर्ज जवळपास नव्हताच. १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी चुंबकीय क्षेत्रात हलणारी तारेची गुंडाळी आणि तिला जोडलेला कागदी शंकू अशी लाउडस्पीकरची रचना मांडली. आजचा बहुतेक प्रत्येक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतो. मात्र चांगल्या खर्जासाठी कपाटाएवढी पेटी लागे. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर विल्चर यांनी पेटी हवाबंद केली आणि आतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून घेतला. त्यामुळे लहान पेटीतून खोल खर्ज निघू लागला. पेटी लहान झाली, पण भिंत होती तशीच राहिली.

३. कान, मीटर आणि कायदा

१९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मनसन यांनी कानाविषयीची महत्त्वाची मोजमापे प्रसिद्ध केली. आवाज हळू असला की आपला कान खर्जाला फारच मंद असतो, असे त्यांतून दिसले. म्हणून पुढे घरगुती अॅम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचे बटण आले. एकूण आवाज कमी असताना ते खर्ज वाढवून देते.

या बटणाची एक आठवण सांगतो. आमचे घर दोन खोल्यांचे होते आणि वडील रात्रपाळी करून दुपारी झोपत. मी टेपचा आवाज अगदी कमी करी, पण मग गाणे फिके लागे, म्हणून लाउडनेसचे बटण दाबी. वडील तरीही जागे होत आणि मी म्हणे, "बाबा, आवाज तर कमीच आहे!" माझे म्हणणे माझ्या कानापुरते खरे होते. मी वाढवला होता नेमका तोच भाग, जो भिंत अडवू शकत नव्हती. हे मला अभियांत्रिकी शिकताना कळले. तोपर्यंत त्यांची रात्रपाळी संपली होती.

आता कायद्याकडे पाहा. आपल्या देशातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खाजगी ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. येथे दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, मोजमाप हद्दीवर होते. म्हणजे शेजाऱ्याला संरक्षण आहे, आतल्या खोलीत झोपलेल्या आजीला नाही. दुसरी, हे डेसिबल 'ए' मापनाचे आहेत. हे मापन कानाच्या मंदपणाचा हिशेब धरून ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा करते. त्या वारंवारतेचा प्रत्यक्ष ७५ डेसिबलचा खर्ज मीटरवर केवळ ४५ दिसतो. मीटर गप्प असला म्हणजे घरच्यांना त्रास नाही, असे समजू नका.

४. आवाज कानापाशी आणला

भिंत हरते, तर भिंतीपर्यंत आवाज जाऊच द्यायचा नाही, हा दुसरा मार्ग. १९१० मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात नॅथॅनिएल बाल्डविन यांनी आपल्या स्वयंपाकघरात बनवलेले हेडफोन नौदलाला विकले. ते बिनतारी संदेशांसाठी होते, संगीतासाठी नव्हे. १९५८ मध्ये मिलवॉकी येथे जॉन कॉस यांनी एका प्रदर्शनात ग्रामोफोनसोबत स्टीरिओ हेडफोन मांडला. लोकांना ग्रामोफोनपेक्षा हेडफोनच अधिक आवडला.

एवढ्याशा पडद्यातून इतका खर्ज कसा येतो? स्पीकरला संपूर्ण खोलीची हवा हलवावी लागते. हेडफोनला कानाजवळची थोडीशी कोंडलेली हवा दाबली की पुरते. म्हणून कानावरची गादी सैल बसली की खर्ज लगेच गळतो. अशा वेळी आवाज वाढवू नका, गादी नीट बसवा.

१९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला. त्याच्या पहिल्या नमुन्यात हेडफोनसाठी दोन जोड होते, कारण एकट्यानेच ऐकणे घरच्यांना तुटकपणाचे वाटते, हे अकिओ मोरिता यांनी आपल्या घरातच अनुभवले होते. घरातली धडधड थांबली, पण मुलगा हाकेला ओ देईनासा झाला!

५. आता किंमत कोण देतो?

स्पीकरच्या काळात तुमच्या आनंदाची किंमत घरचे देत होते. हेडफोनच्या काळात ती तुमचा कान देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८९ डेसिबलला फक्त ५ तास उरतात. आतल्या कानातील केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

म्हणून तीन गोष्टी करा. हेडफोनवर एकूण आवाज कमी ठेवून इक्वलायझरने खर्ज थोडा वाढवा. स्पीकर लावायचाच असेल तर तो जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नका, खाली जाड रबर द्या आणि वेळ घरच्यांना विचारून ठरवा. तिसरी गोष्ट गृहपाठ म्हणून : आज गाणे लावा, दार बंद करा आणि स्वतः पलीकडच्या खोलीत पाच मिनिटे बसून पाहा. मीटर जे सांगत नाही, ते तुम्हाला तेथे ऐकू येईल.