स्वारीपूर्वीचें मुखत्यारपत्र : एक उपेक्षित कागद

जुनीं दप्तरें धुंडाळणाऱ्या आपणां मंडळींची दृष्टि प्रथम सनद, महजर, निवाडपत्र व वंशावळ यांवर जाते. मुखत्यारपत्र हातीं लागलें तर तें बहुधा बाजूस पडतें; कारण त्यांत नवें वतन नसतें, पिढ्यांची यादी नसते, राजमुद्राहि नसते. मीहि पुष्कळ वर्षें असेंच करीत आलों. परंतु अलीकडे एका घरच्या अशाच कागदानें माझें मत पालटलें. लढाईवर निघालेला मनुष्य आपली वाचा दुसऱ्याच्या स्वाधीन करून जातो. त्या वाचेची मर्यादा कोणती, आणि तो तिकडे मेला असून मागें कोणासच ठाऊक नसेल तर त्या वाचेनें केलेला व्यवहार कोणाचा, असा हा प्रश्न आहे.

प्रथम शब्दांचा निर्णय करूं. ‘मुखत्यार’ हा अरबी ‘मुख्तार’ होय. निवडलेला, किंवा आपल्या इच्छेप्रमाणें वागण्यास मोकळा, असा त्याचा अर्थ. संस्कृत ‘मुख’ शब्दाशीं त्याचें नातें नाहीं, जरी अर्थ योगायोगानें जुळून येतो. ‘मुतालिक’ म्हणजे ‘मुतअल्लिक’, जोडलेला, संबद्ध. महादजी शिंद्यांनीं १७८४ सालीं बादशहाकडून पेशव्यांच्या नांवें मिळविलेल्या ‘वकील-इ-मुतलक’ या पदांतील ‘मुतलक’ शब्द निराळा. त्याचा अर्थ निरपेक्ष, अनिर्बंध. एकाचा अधिकार धन्याशीं बांधलेला, दुसऱ्याचा सुटा. वाचनांत या दोहोंचा घोटाळा होऊं देऊं नये.

आपल्या स्मृतिकारांस हा प्रश्न अपरिचित नव्हता. नारदानें व्यवहारप्रकरणाच्या आरंभीं वादीनें प्रतिवादीस कोणत्या प्रसंगीं अडवूं नये याची गणना केली आहे. तींत विवाहास उभा राहिलेला, रोगानें पीडिलेला, पेरणीच्या दिवसांतला शेतकरी यांच्याबरोबरच युद्धांत गुंतलेला शस्त्रोपजीवीहि येतो. तोच नारद सांगतो कीं, जो भाऊ, पिता वा पुत्र नाहीं आणि ज्याची नियुक्तिहि झालेली नाहीं, त्यानें दुसऱ्याच्या वतीनें वाद सांगितल्यास तो दंडास पात्र होय. म्हणजे शिपायाच्या अनुपस्थितीवर उपाय दोन : वाद थांबविणें, किंवा नियुक्त मनुष्यानें तो चालविणें. पुढील सर्व कायदे या दोन उपायांच्याच पोटांत येतात.

मराठी राज्यांत नियुक्तीची पद्धति मुतालिकीच्या रूपानें रुजली. अष्टप्रधानांपैकीं पंडितराव व न्यायाधीश यांखेरीज बाकीच्यांस प्रसंगीं फौज घेऊन बाहेर जावें लागे. तेव्हां त्यांचे मुतालिक मागें राहून धन्याच्या शिक्क्यानें कारभार पाहत. याच विचाराचा सर्वांत मोठा प्रयोग १६८९ सालीं झाला. राजाराम महाराज त्या सालच्या सप्टेंबरअखेरीस पन्हाळ्याहून जिंजीस निघाले. हें जाणें स्वारीचें नव्हे, शत्रूचा वेढा चुकविण्याचें; पण पाठीमागचा प्रश्न तोच. रामचंद्रपंत अमात्यांस ‘हुकमतपन्हा’ हा किताब व महाराष्ट्रांतील कारभाराचा अधिकार मिळाला, आणि पंतांनीं तो १६९८ त महाराज परत येईपर्यंत चालविला.

या प्रयोगाचा गुण सर्वश्रुत आहे : राज्य टिकलें. त्याचा दोष मात्र दप्तरांतच दिसतो. अधिकार देऊनहि धन्यानें आपला हात काढून घेतला नव्हता. जिंजीहून सनदा सुटत, इकडूनहि सुटत. मध्यें मोंगलांची ठाणीं, वाटेंत महिने जात. परिणामीं एकाच वतनावर दोघे वादी दोन खऱ्या सनदा घेऊन उभे राहिले. अशा तंट्यांत आपण झटकन एक कागद बनावट ठरवितों. तें नेहमींच योग्य नसतें. दोन्ही कागद अस्सल आणि दोघे देणारे प्रामाणिक, असेंहि घडूं शकतें. चूक असते ती मधल्या अंतराची.

इंग्रजी अमदानींत हेंच काम सामान्य शिपायाच्या दारापर्यंत आलें. १९०८ च्या दिवाणी संहितेंतील अठ्ठाविसाव्या आदेशानुसार रजा न मिळणाऱ्या शिपायास आपला दावा चालविण्यासाठीं कोणाहि इसमास लेखी अधिकार देतां येतो. तो लेख पलटणीच्या मुख्य अधिकाऱ्यासमक्ष सही करून द्यावयाचा. अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी झाली कीं वेगळा पुरावा नको. १९२५ च्या शिपायांच्या दाव्यांविषयींच्या कायद्यानें नारदाचा पहिला उपाय, म्हणजे वाद थांबविण्याचा, विस्तारानें मांडला. मृत्यूविषयीं १८७२ च्या कराराच्या कायद्याचें म्हणणें असें : धनी मेला कीं मुखत्यारी संपते, परंतु ती बातमी कळेपर्यंत मुखत्यारापुरती ती संपली असें धरावयाचें नाहीं. १८८२ च्या मुखत्यारपत्राच्या कायद्यानेंहि अजाणतां व सद्भावनेनें वागलेल्या मुखत्यारास संरक्षण दिलें आहे.

आतां तो कागद. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें पणजोबांचें मुखत्यारपत्र मला दाखविलें. पणजोबा मराठा पलटणींतले. १९१५ त बसऱ्याकडे जाण्यापूर्वीं त्यांनीं जमीन, देणें व कोर्टकचेरी यांचा अधिकार चुलतभावास दिला. पुढें ७ डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा येथें जनरल टाउनशेंडची फौज कोंडली गेली. तींत १०३, ११० व ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजीं अन्न संपून ती फौज शरण गेली. सुमारें तेरा हजार माणसें कैद झालीं. पुष्कळ हिंदी कैद्यांस रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामावर नेलें, व त्यांतले कितीएक परतले नाहींत.

पणजोबाहि परतले नाहींत. त्यांचा मृत्यु जून १९१६ मधला. बातमीचें पत्र घरीं आलें १९१७ त. मधल्या काळांत, जुलै १९१६ त, चुलतभावानें जमिनीचा एक तुकडा गहाण टाकला. ‘भाऊ मेल्याचें दडवून त्यानें जमीन खाल्ली’ हें वाक्य त्या घरांत तीन पिढ्या चाललें, आणि दोन भावक्यांचें जेवणखाण तुटलें. विद्यार्थ्यानें मला कागद दाखविला तो या चोरीचा पुरावा म्हणूनच.

कागदाची मागची बाजू मात्र कोणी वाचलेली नव्हती. तेथें बारीक मोडींत गहाणाच्या रकमेचा जमाखर्च होता : शेतसारा, सावकाराचें जुनें देणें, आणि बाकी रक्कम शिपायाच्या बायकोच्या हातीं, तिच्या अंगठ्यासह. तारखा गहाणखताशीं जुळतात. चुलतभावाच्या कानीं एखादी अफवा आली नसेलच असें मी म्हणत नाहीं. तें कागदावरून ठरत नाहीं. पण पैसा कोठें गेला तें ठरतें, आणि तो त्याच्या घरीं गेला नाहीं. मीं ती बाजू दोन्ही घरच्या मंडळींस एकत्र बसवून वाचून दाखविली. थोरल्या घरच्या आजींनीं ओळ दोनदां वाचावयास सांगितली. नंतर धाकट्या घरच्यांस जेवूनच जा म्हणाल्या.

संग्राहकांस माझी विनंती एवढीच. मुखत्यारपत्र मिळाल्यास चार गोष्टी टिपून घ्याव्या : अधिकार आम कीं खास, लिहिण्याचें ठिकाण व तारीख, प्रतिस्वाक्षरी कोणाची, आणि पाठीवरील मजकूर. मग तीन तारखा शेजारीं मांडाव्या : मृत्यूची, बातमी पोंचल्याची, आणि व्यवहाराची. पहिल्या दोन तारखांमधल्या काळांत ज्यानें मेलेल्याच्या वतीनें सही केली, त्यास चोर म्हणण्यापूर्वीं कागद उलटून पाहावा.