सुरक्षाक्षेत्र सुधारणा : आंतरराष्ट्रीय धोरणाची घडण

सैन्य, पोलीस, गुप्तवार्ता खाते, तुरुंग, सीमारक्षक दले आणि त्यांवर देखरेख करणारी संसद, मंत्रालये व न्यायालये यांची कायदा व लोकनियंत्रण यांच्या चौकटीत पुनर्रचना करण्याच्या कार्यास सुरक्षाक्षेत्र सुधारणा असे म्हणतात. प्रत्येक राज्य हे काम आपापल्या परीने करीतच असते. तथापि यादवी युद्ध, परकीय अंमल किंवा लष्करी राजवट यांतून बाहेर पडलेल्या देशांत ते घडवून आणण्यासाठी बाहेरच्या संघटनांनी धोरण आखावे, पैसा व तज्ज्ञ पुरवावेत, ही कल्पना विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात रूढ झाली. आर्थिक सहकार्य व विकास संघटना, यूरोपीय संघ, संयुक्त राष्ट्रे व आफ्रिकी संघ यांनी पुढील सुमारे पंधरा वर्षांत या विषयावरील आपापली धोरणपत्रे तयार केली. ज्या देशातील शस्त्रे कोणाच्या आज्ञेत राहावीत हे ठरवावयाचे, त्या देशाचे त्यात किती चालावे, हा या सर्व पत्रांतील अवघड प्रश्न होय. त्याचे उत्तर पत्रांमध्ये जवळजवळ सारख्याच शब्दांत दिलेले आढळते. प्रत्यक्षात ते देशोदेशी वेगळे ठरले.

शीतयुद्धाच्या काळात परदेशांना मिळणारे लष्करी साहाय्य हे मुख्यतः बड्या राष्ट्रांकडून आपल्या गोटातील राष्ट्रांना मिळत असे. मित्रराष्ट्राचे सैन्य बळकट व्हावे एवढाच त्यामागील हेतू असे; ते सैन्य स्वतःच्या नागरिकांशी कसे वागते, याची विचारपूस सहसा होत नसे. उलट, विकासकार्य करणाऱ्या संस्था सैन्य व पोलीस या विषयांपासून दूर राहत. जागतिक बँकेच्या घटनेतच राजकीय बाबींचा विचार कर्ज देताना करू नये, असे कलम आहे. १९८९ नंतर ही विभागणी टिकेनाशी झाली. पूर्व यूरोपातील सैन्ये साम्यवादी पक्षांच्या नियंत्रणातून मोकळी झाली, तेव्हा नाटोने १९९४ मध्ये ‘शांततेसाठी भागीदारी’ हा कार्यक्रम सुरू केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बूडापेस्ट येथे यूरोपीय सुरक्षा व सहकार्य परिषदेने राजकीय–लष्करी वर्तनाची संहिता स्वीकारली आणि सशस्त्र दलांवरील लोकशाही नियंत्रण हा सदस्यराष्ट्रांचा परस्परांप्रत असलेला विषय ठरविला. या देशांपैकी अनेकांना नाटोत व यूरोपीय संघात प्रवेश हवा होता. त्यामुळे तेथील सुधारणांना स्वतःची अशी प्रेरणा होती. ही अनुकूलता पुढे आफ्रिकेत किंवा आशियात क्वचितच लाभली. दक्षिण आफ्रिकेने १९९४ च्या सत्तांतरानंतर १९९६ ची संरक्षणविषयक श्वेतपत्रिका व तिला अनुसरून १९९८ चे संरक्षण–समालोचन हे दस्तऐवज देशांतर्गत विस्तृत विचारविनिमयाने सिद्ध केले. आफ्रिकी विचारवंत या उदाहरणाचा उल्लेख वारंवार करतात, याचे कारण त्यात बाहेरचा सल्ला होता, परंतु निर्णय घरचा होता.

‘सुरक्षाक्षेत्र सुधारणा’ ही संज्ञा प्रचारात आणण्याचे श्रेय सामान्यतः ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय विकास खात्यास व त्याच्या मंत्री क्लेअर शॉर्ट यांना दिले जाते. हे खाते १९९७ मध्ये स्थापन झाले. मार्च १९९९ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये केलेल्या भाषणात शॉर्ट यांनी दारिद्र्यनिर्मूलनाच्या कार्यात सुरक्षायंत्रणेचा विचार अपरिहार्य असल्याचे प्रतिपादन केले. त्यामागे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या १९९४ च्या मानवी विकास अहवालात मांडलेली ‘मानवी सुरक्षितता’ ही कल्पना होती. पाकिस्तानी अर्थशास्त्रज्ञ महबूब उल हक यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेल्या या अहवालाने सुरक्षितता राज्याची की माणसाची, असा प्रश्न उपस्थित केला होता. गरीब माणसाला सर्वाधिक भय पुष्कळदा त्याच्याच देशाच्या शिपायाचे व पोलिसाचे असते, ही साधी गोष्ट त्यामुळे धोरणकर्त्यांच्या भाषेत आली.

ब्रिटनचा हा विचार इतर साहाय्यदात्या देशांपर्यंत पोहोचला तो आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या विकाससाहाय्य समितीमार्फत. या समितीचे एक काम म्हणजे कोणता खर्च ‘अधिकृत विकाससाहाय्य’ म्हणून नोंदवावा हे ठरविणे. हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी वाटतो. परंतु सुरक्षाक्षेत्र सुधारणेच्या धोरणाचे स्वरूप त्याने जितके ठरविले, तितके क्वचितच एखाद्या तत्त्वचर्चेने ठरविले असेल. २००४ व २००५ मध्ये समितीने संरक्षणखर्चाचे नागरी व्यवस्थापन, बालसैनिकांचे पुनर्वसन, लहान शस्त्रांचे नियंत्रण, सुरक्षायंत्रणेतील लोकशाही कारभार इ. बाबी विकाससाहाय्यात धरण्यास मान्यता दिली. शस्त्रे व लष्करी सामग्री यांचा पुरवठा मात्र वगळला. साहजिकच देखरेख, प्रशासन, कायदे व प्रशिक्षण यांवर पैसा वाहू लागला, तर सैनिकांना बराकी व वाहने कोणी द्यावीत हा प्रश्न संरक्षणखात्यांकडे राहिला. या समितीने ‘क्षेत्र’ या शब्दाऐवजी ‘व्यवस्था’ हा शब्द पसंत केला. न्याय, पोलीस व सैन्य ही सुटी खाती नसून एकमेकांवर अवलंबून असलेली अंगे आहेत, असा त्यातील अभिप्राय होता. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली तिची मार्गदर्शक पुस्तिका पुढे या क्षेत्रातील अधिकाऱ्यांचा प्रमुख संदर्भग्रंथ बनली.

या पुस्तिकेमागील अनुभवांपैकी एक महत्त्वाचा अनुभव सिएरा लिओनचा होता. १९९१ ते २००२ या काळात तेथे यादवी युद्ध चालू होते आणि सैन्याने १९९२, १९९६ व १९९७ असे तीनदा बंड करून सत्ताधारी बदलले होते. १९९९ च्या लोमे करारानंतर संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैन्य तेथे गेले. त्याचे पहिले सेनापती भारताचे मेजर जनरल विजय जेटली हे होते. मे २००० मध्ये ब्रिटिश सैन्य उतरल्यावर सैन्य व पोलीस यांच्या पुनर्बांधणीचे काम ब्रिटनने अंगावर घेतले. सुमारे ७२,००० सशस्त्र व्यक्तींना सैन्यमुक्त करण्यात आले. १९९९ ते २००३ या काळात पोलीसदलाचा प्रमुखच एक ब्रिटिश अधिकारी होता, हे ‘स्थानिक स्वामित्व’ या तत्त्वाशी कितपत जुळते हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. मात्र २००२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा कार्यालयात सिएरा लिओनचेच अधिकारी होते. त्यांनी २००३ ते २००५ या काळात सुरक्षिततेचे समालोचन केले. देशापुढील धोक्यांत परचक्रापेक्षा भ्रष्टाचार, दारिद्र्य व तरुणांची बेकारी यांस त्यांनी अधिक महत्त्व दिले. २००७ च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्ष पराभूत झाला आणि सैन्य बराकीत राहिले.

पूर्व तिमोरचा अनुभव याहून कठोर आहे. ऑगस्ट १९९९ मधील सार्वमतानंतर इंडोनेशियाचा अंमल संपला व ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी प्रदेशाचा सर्व कारभार हाती घेतला. कारभार चालविणाऱ्या संघटनेलाच सुरक्षायंत्रणा निर्माण करावयाची होती. इतका मोकळा हात तिला क्वचितच मिळाला असेल. परंतु तिच्या अधिकारपत्रात सैन्य उभारण्याची तरतूद नव्हती. चोवीस वर्षे डोंगरांत लढलेले फालिंतील या संघटनेचे सैनिक आयलेऊ येथील छावणीत महिनोन्महिने अन्नधान्य व भवितव्य यांची वाट पाहत राहिले. अखेर २००० मध्ये किंग्ज कॉलेजच्या अभ्यासगटाने तीन पर्याय सुचविले. त्यांपैकी १,५०० नियमित व तितक्याच राखीव सैनिकांचे हलके पायदळ हा पर्याय स्वीकारून फेब्रुवारी २००१ मध्ये सैन्य स्थापन झाले. पहिल्या तुकडीत फालिंतीलचे सुमारे ६५० सैनिक घेतले गेले, सुमारे १,३०० जणांना अल्प मदत देऊन घरी पाठविण्यात आले. निवड मुख्यतः त्यांच्याच नेत्यांनी केली आणि तीत जुने गटभेद उतरले. पोलीसदल संयुक्त राष्ट्रांनी वेगळे उभारले. त्यात इंडोनेशियाच्या पोलिसांत पूर्वी नोकरी केलेले अधिकारीही होते. ज्यांच्याविरुद्ध लढलो तेच आता गणवेशात आहेत आणि आपण घरी, ही भावना माजी सैनिकांत बळावली. सैन्य व पोलीस यांच्या कार्यांची सीमारेषा, त्यांवर नजर ठेवणारी मंत्रालये आणि संसदीय समिती यांच्याकडे मात्र फारसे लक्ष पुरविले गेले नाही.

२००६ च्या आरंभी पक्षपाताची तक्रार करणाऱ्या सुमारे ६०० सैनिकांना, म्हणजे सैन्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक जणांना, बडतर्फ करण्यात आले. एप्रिल–मेमध्ये सैन्य व पोलीस एकमेकांवर चालून गेले. २५ मे रोजी दिली येथे संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षणाखाली बाहेर पडणाऱ्या निःशस्त्र पोलिसांवर सैनिकांनी गोळीबार केला व त्यात आठ पोलीस ठार झाले. सुमारे दीड लाख लोक विस्थापित झाले. नागरिकांना शस्त्रे वाटल्याबद्दल माजी गृहमंत्री रोजेरिओ लोबातो यांना २००७ मध्ये शिक्षा झाली. संयुक्त राष्ट्रांचे तेथील कार्यालय याच मे महिन्यात बंद होणार होते, ही गोष्ट नोंदण्याजोगी आहे.

ऑगस्ट २००६ मध्ये सुरक्षा परिषदेने १७०४ क्रमांकाच्या ठरावाने नवे पथक नेमले व संपूर्ण सुरक्षाक्षेत्राचे समालोचन करण्यास साहाय्य देण्याचे काम त्याच्याकडे सोपविले. परंतु ज्या सरकारचे स्वामित्व मान्य करावयाचे, ते सरकार आता वेगळ्याच मार्गाने चालले होते. फेब्रुवारी २००८ मध्ये राष्ट्राध्यक्ष व पंतप्रधान यांच्यावर हल्ले झाल्यावर सैन्य व पोलीस यांची संयुक्त आज्ञायंत्रणा उभारण्यात आली; दोन्ही दलांची कार्ये वेगळी ठेवावीत या बाहेरच्या सल्ल्याच्या ते नेमके उलट होते. समालोचन रेंगाळले. सुरक्षाविषयक तीन मूलभूत कायदे २०१० मध्ये तिमोरच्या संसदेने केले, पोलिसांचा कारभार २०११ मध्ये पूर्णतः परत मिळाला आणि २०१२ च्या अखेरीस पथक निघून गेले. सल्ला डावलूनही देश पुन्हा तशा संघर्षात पडला नाही, याचे स्पष्टीकरण धोरणपत्रांच्या भाषेत देणे कठीण आहे. खनिज तेलाचे उत्पन्न व माजी सैनिकांना दिलेली निवृत्तिवेतने यांचा त्यात मोठा वाटा असावा.

संयुक्त राष्ट्रांचे स्वतःचे धोरण या घटनांच्या मागोमाग घडले. पोलीस, तुरुंग, निःशस्त्रीकरण ही कामे संघटना अनेक वर्षे करीत होती, परंतु प्रत्येक काम वेगळ्या खात्याकडे होते आणि समान व्याख्या नव्हती. फेब्रुवारी २००७ मध्ये स्लोव्हाकियाच्या अध्यक्षतेखाली सुरक्षा परिषदेत खुली चर्चा होऊन अध्यक्षीय निवेदन निघाले. अशा चर्चेत शब्दाशब्दावर वाटाघाटी होतात. अनेक विकसनशील राष्ट्रांना या नावाखाली बडी राष्ट्रे अंतर्गत कारभारात शिरतील अशी शंका होती व हा विषय आमसभेतही चर्चिला जावा असा त्यांचा आग्रह होता. सुधारणेची दिशा व अग्रक्रम ठरविणे हा संबंधित देशाचा सार्वभौम हक्क व प्राथमिक जबाबदारी आहे, हे निवेदनातील वाक्य त्या पार्श्वभूमीवर वाचावे लागते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केप टाउन येथे आफ्रिकी देशांची मते अजमावण्यासाठी परिषद भरली. जानेवारी २००८ मध्ये महासचिव बान की-मून यांनी आमसभा व सुरक्षा परिषद अशा दोहोंना उद्देशून अहवाल सादर केला. त्यातील व्याख्या मुद्दाम सैल ठेवलेली आहे : तीत सैन्य व पोलीस यांबरोबर सीमाशुल्क, आपत्कालीन सेवा, नागरी संघटना, परंपरागत अधिकारी यांनाही स्थान आहे. संघटनेच्या खात्यांना आपापले काम तीत दिसावे, हेही त्यामागील एक कारण असावे.

यूरोपीय संघात परिषदेने २००५ मध्ये व आयोगाने २००६ मध्ये अशी दोन वेगळी संकल्पनापत्रे काढली. एकच समान चौकट २०१६ मध्ये मांडली गेली. काँगोच्या लोकसत्ताक प्रजासत्ताकात २००५ पासून काम करणाऱ्या संघाच्या पथकाने सैनिकांचे वेतन सेनाधिकाऱ्यांच्या हातून न देता स्वतंत्र मार्गाने देण्याची व्यवस्था बसविण्यास मदत केली व सैनिकांची बोटांच्या ठशांसह गणती केली. उपाशी शिपाई गाव लुटतो, हे ओळखणारी ही योजना कोणत्याही तात्त्विक व्याख्येपेक्षा उपयुक्त ठरली. याउलट गिनी-बिसाऊमध्ये २००८ मध्ये गेलेल्या पथकाने कायद्यांचे मसुदे तयार केले, पण मार्च २००९ मध्ये सेनाप्रमुख व राष्ट्राध्यक्ष दोघांचीही हत्या झाली आणि एप्रिल २०१० च्या लष्करी बंडानंतर त्याच वर्षी पथक बंद करावे लागले. लायबीरियात जुने सैन्य विसर्जित करून नवे उभारण्याचे काम अमेरिकेने खाजगी कंपन्यांना दिले. करार अमेरिकन सरकारशी असल्याने लायबीरियाच्या संसदेला त्यावर देखरेख करता आली नाही. तेथेच जानेवारी २००७ मध्ये दाखल झालेले भारताचे महिला पोलीसपथक हे संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतील अशा प्रकारचे पहिले पथक होय. ते २०१६ पर्यंत तेथे होते.

आफ्रिकी संघाने जानेवारी २०१३ मध्ये स्वतःची धोरणचौकट स्वीकारली आणि परंपरागत सुरक्षाव्यवस्था व स्थानिक नेतृत्व यांस तीत स्थान दिले. एप्रिल २०१४ मध्ये नायजेरियाच्या अध्यक्षतेखाली सुरक्षा परिषदेने या विषयावरील पहिला स्वतंत्र ठराव (क्र. २१५१) संमत केला, तर डिसेंबर २०२० मधील दुसरा ठराव (क्र. २५५३) दक्षिण आफ्रिकेच्या पुढाकाराने झाला. याच काळात अफगाणिस्तानात अमेरिकेने सुरक्षादलांवर ८० अब्ज डॉलरांहून अधिक खर्च केला होता. ती दले ऑगस्ट २०२१ मध्ये काही आठवड्यांत कोसळली. मालीमध्ये २०१३ पासून संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैन्य व यूरोपीय संघाचे सैनिकी प्रशिक्षण पथक काम करीत होते. तेथील सैन्याने २०२० मध्ये व पुन्हा २०२१ मध्ये सत्ता हाती घेतली. सार्वभौम हक्काचा आधार घेऊनच लष्करी सरकारने शांतिसैन्यास परत जाण्यास सांगितले. ते डिसेंबर २०२३ अखेर परतले व यूरोपीय पथकाची मुदत मे २०२४ मध्ये संपली.