शेर (तिरुकळ्ळी)

एरंड कुलातली विषारी, मांसल वनस्पती. शास्त्रीय नाव यूफोर्बिया तिरुकल्ली. झाड मूळचं आफ्रिकेतलं, पण भारतात कुंपणासाठी फार पूर्वीपासून लावलं जातं. सतराव्या शतकातल्या ‘होर्टुस मलाबारिकुस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन आहे, वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये त्यातलंच देशी नाव घेऊन त्याचं नामकरण केलं.

आता ते कुंडीतून घरातही आलं आहे. रोपवाटिकेत ‘पेन्सिल कॅक्टस’ म्हणून विकतात, मात्र हा कॅक्टस नव्हे. कॅक्टसच्या अंगावर काटे किंवा लव उगवणारे छोटे गादीसारखे ठिपके असतात. शेरावर ते नसतात, काटेही नसतात. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, गोल, गुळगुळीत हिरव्या फांद्या झुपक्यांनी फुटतात. पानं इवलीशी असतात आणि लवकर गळतात, त्यामुळे अन्न तयार करण्याचं बहुतेक काम हिरव्या फांद्याच करतात. फुलं पिवळसर, बारीक. जमिनीत वाढलं तर झाड पाच-सात मीटर उंच होतं. केशरी-लाल टोकांची एक जातही बाजारात मिळते. रंग बदलला तरी विष तेच.

सर्वांत पक्की खूण म्हणजे चीक. फांदी मोडताच पांढरा दुधासारखा चीक भळभळतो. पण ओळख पटवण्यासाठी मुद्दाम फांदी मोडू नये.

या चिकात त्वचेचा आणि डोळ्यांचा दाह करणारी डायटर्पीन वर्गातली द्रव्यं असतात. कातडीला लागला तर आग होते, फोड येतात. पोटात गेला तर तोंड-घसा भाजतो, उलट्या-जुलाब होतात. खरा धोका डोळ्याला. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा होऊन काही काळ दिसेनासंही होऊ शकतं. त्रास बहुधा छाटणी करताना, चिकाचा हात नकळत डोळ्याला लागून होतो. म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. चीक डोळ्यात गेला तर चोळू नये. लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवावा आणि नेत्रतज्ज्ञाकडे जावं.

शेर कुंडीत वाढवताना हवामानही पाहावं लागतं. उदाहरणार्थ, तमिळनाडूत कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या कुंभकोणमला थंडीचा कडाका नसल्याने शेर बाहेर सहज जगतो. त्याला अडचण पाण्याची. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस पडतो, तेव्हा कुंडीत पाणी साचलं तर मुळं कुजतात. त्या दिवसांत कुंडी आडोशाला हलवताना ती मुलांच्या आणि मांजर-कुत्र्यांच्या वाटेत येणार नाही, हेही पाहावं लागतं.