वसईचा दुभाषी

भाईंदर पश्चिमेच्या जेट्टीवर या आणि वसईची रो-रो पकडा. २०२४ साली ही बोट सुरू झाल्यापासून खाडी ओलांडायला रेल्वेच्या पुलावर अवलंबून राहावं लागत नाही. गाडी खाली लागली की कठड्याशी येऊन उभे राहा. उजव्या हाताला पूल आणि पाणजू बेट, डाव्या हाताला धारावी बेटाची टेकडी. तिच्यापलीकडे उत्तन आणि मग उघडा समुद्र.

आता पाण्याच्या मधोमध पूल दिसेनासा होऊ द्या. मागे वळलात तर भाईंदरच्या इमारतींची रांगही उरलेली नाही. काठावर तिवरं आहेत, चिखल आहे, मधूनच एखादं शेत. इंजिनाचा आवाज थांबलाय आणि तुमच्या डोक्यावर शीड फडफडतंय. साल १५७२. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४च्या तहात हा मुलूख पोर्तुगीजांना देऊन टाकला, त्याला जवळजवळ चाळीस वर्षं होत आली. खाडीच्या दोन्ही काठांवर लिस्बनच्या राजाचा शिक्का चालतो. गावांच्या बोलीला मात्र या शिक्क्याचा धक्का लागलेला नाही. होडीत तुमच्या शेजारी बसलेली बाई टोपलीतल्या मासळीवरून नावाड्याशी हुज्जत घालतेय आणि तिचं निम्मं बोलणं तुम्हाला सहज कळतंय.

वसईच्या किल्ल्यात उतरलात की जेझुइटांच्या शाळेकडे चला. मुलं बाहेर पडतायत, त्यांतल्या पंधराएक वर्षांच्या एका पोराकडे नीट बघा. गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जन्म १५५७च्या सुमाराचा. शाळेत पोर्तुगीज आणि लॅटिन प्रार्थना, घरात आईची बोली. दिवसातून कितीतरी वेळा तो एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जातो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. मिरा रोडच्या कुठल्याही सोसायटीत संध्याकाळी खाली खेळणारी मुलं ऐका. घरी एक भाषा, शाळेत दुसरी, मित्रांशी तिसरी. वाढत्या वयात कानांना लागलेलं हे वळण पुढे कुठल्याही वर्गात शिकवता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. गोन्सालोच्या आयुष्याचा पाया मला त्याच्या भक्तीइतकाच त्याच्या कानांत दिसतो.

त्याच वर्षी, १५७२ साली, फादर सेबास्तियाँव गोन्साल्विस यांच्याबरोबर तो जपानला निघाला. तुम्हीही चढा जहाजावर. मलाक्का, मकाव, मग जपान. वारा फिरेपर्यंत बंदरात पडून राहायचं, वारा मिळाला की शीड उभारायचं. घरची माणसं पुन्हा दिसतील याची खात्री या जहाजावर कुणालाच नाही. पोरगा लहान आहे. रात्री डेकवर तो कुणाशी बोलत असेल, कुठल्या भाषेत, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

जपानच्या दक्षिणेला क्यूशू बेट. तिथल्या नागासाकीत पोर्तुगीज जहाजं यायला लागली ती १५७१ साली, म्हणजे बंदर अगदी नवं आहे. तुम्ही किनाऱ्यावर पाय ठेवता आणि आजूबाजूच्या बोलण्यातला एक शब्दही कळत नाही. गोन्सालोचीही तीच गत. फरक इतकाच की तुमच्या खिशात फोन आहे. त्याच्या हाती पाश्चात्त्य लिपीत छापलेला जपानी शब्दकोश नाही, व्याकरणाचं पुस्तक नाही. युरोपियन छापखानाच जपानात अजून अठरा वर्षांनी, १५९० साली यायचा आहे.

तिथल्या जेझुइट मिशनचे प्रमुख फ्रान्सिस्को काब्राल. युरोपियन माणसाला ही भाषा प्रवचन करण्याइतकी येणं जवळजवळ अशक्य, असं त्यांचं मत. नव्या पाद्र्यांनी आल्या आल्या भाषेच्या अभ्यासाला बसावं असा आग्रह धरणारे आलेस्सांद्रो व्हालिन्यानो १५७९मध्ये पोहोचले. तोवर गोन्सालोची सात वर्षं तिथे झाली होती आणि तो जपानी बोलत होता.

हे त्याला कसं जमलं असेल? थोडं त्याच्या शेजारी बसून ऐका. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. नामाला जोडणारे प्रत्यय नामानंतर लागतात. पोर्तुगीज पाद्र्याला इथे आपलं अख्खं वाक्य उलटं करून घ्यावं लागतं. वसईच्या पोराला ते करावं लागत नाही, कारण त्याच्या आईच्या बोलीतही क्रियापद शेवटीच येतं. घरात, बाजारात, शेतात, झोपताना, भांडताना. युरोपातून आलेला माणूस वर्षानुवर्षं ज्या दारावर डोकं आपटत राहिला ते याच्यासाठी अर्धं उघडंच होतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. त्याच्या चरित्रात ‘भाषा लवकर आत्मसात केली’ एवढं एक वाक्य असतं आणि ते ईश्वरी देणगी म्हणून पुढे सरकतं. देणगी असेल, पण ती या खाडीकाठच्या एका बाईने दिलेली होती आणि तिचं नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही.

अवघड भाग पुढे आहे. स्वर थोडा लांबला की अर्थ बदलतो, व्यंजन दुप्पट झालं तरी बदलतो. त्याहून अवघड म्हणजे मान. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण एवढ्यावर भागतं. इथे ‘येणं’, ‘खाणं’, ‘देणं’ या साध्या क्रियांनाही समोरच्याच्या दर्जाप्रमाणे वेगळी रूपं. स्वतःबद्दल बोलताना खाली उतरायचं, समोरच्याबद्दल बोलताना वर चढायचं. गोन्सालो धर्मशिक्षक म्हणून काम करतो, लहान मुलांना प्रार्थना शिकवतो, पाद्र्यांबरोबर माणसांत वावरतो. अशा कामात शेतकऱ्याशी बोलायचं रूप चुकून सरदारापुढे निघालं की सभा तिथेच संपते. शिकायला पुस्तक नाही म्हणजे चुकायचं ते लोकांसमोर, आणि दुरुस्त करणारे तेच लोक. आठेक वर्षं त्याने हे केलं.

ऑक्टोबर १५७९मध्ये, गोन्सालो जपानात असताना, गोव्यात थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट उतरला. तो आपली भाषा शिकला आणि १६१६ साली राशोलला त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. मराठी ओवीत, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. इंग्लंडचा माणूस मराठीत उतरत होता तेव्हा वसईचा माणूस जपानीत उतरला होता. पहिल्याचं नाव आपल्या वाङ्मयेतिहासात आहे आणि असायलाच हवं. दुसऱ्याच्या हातून ग्रंथ झाला नाही म्हणून तो फक्त वेदीवरच्या मूर्तीत उरला.

आता जरा रागाची गोष्ट. गोन्सालोला जेझुइट संघात यायचं होतं. त्याला घेतलं नाही. भारतात जन्मलेल्यांना आणि मिश्र रक्ताच्यांना संघाची दारं बंदच असावीत, असं मत व्हालिन्यानोंसारख्या मोठ्या माणसाने त्याच सुमाराला लिहून ठेवलं होतं. जपानी माणसांबद्दल ते उदार होते, आपल्या माणसांबद्दल नव्हते. ज्याच्या तोंडून मिशन बोलत होतं त्याला मिशनमध्ये बसायला जागा नाही. तुम्ही त्याच्या बाजूला उभे आहात, काय सांगाल त्याला?

तो व्यापारात शिरला. भाषा येत होती, माणसं ओळखीची होती, धंदा चांगला चालला. त्याच धंद्याच्या निमित्ताने तो मनिलाला गेला आणि तिथल्या फ्रान्सिस्कनांकडे त्याचं मन ओढलं गेलं. धंदा सोडून तो त्यांच्या संघात बंधू म्हणून दाखल झाला. धर्मगुरू नव्हे, साधा बंधू.

आणि मग १५९३. हिझेन प्रांतातला नागोया किल्ला. कोरियावरच्या स्वारीसाठी जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने तो उभारला आहे आणि सगळ्या जपानचे सरदार तळ ठोकून बसले आहेत. मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने वकील म्हणून पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूला पाठवलं आहे. पेद्रोला जपानी येत नाही. त्याच्या बाजूला अनवाणी, जाड्याभरड्या झग्यातला गोन्सालो. तुम्ही मागच्या रांगेत आहात. श्वास आवरा.

हिदेयोशीची मागणी सरळ आहे: फिलिपाइन्सने आपलं मांडलिकत्व पत्करावं. पेद्रोचं उत्तरही ठरलेलं आहे: मैत्री करू, मांडलिक होणार नाही. ही दोन वाक्यं एकमेकांपर्यंत गोन्सालोच्या तोंडूनच पोहोचायची आहेत. एकाला ‘नाही’ म्हणायचंय आणि ते भाषेतल्या सर्वांत नम्र क्रियारूपांत म्हणायचंय. नम्रता कमी पडली तर मान जाईल. जास्त झाली तर ‘नाही’चं ‘हो’ होईल आणि मनिला शरण आली असं गावभर पसरेल. अशा वेळी दुभाषी हा दोघांमधला निरोप्या राहत नाही. त्या क्षणी दोन सत्तांमधलं अंतर किती ठेवायचं हे वसईचा एक साधा बंधू ठरवतोय. भेट पार पडली. फ्रान्सिस्कनांना जपानात राहायला मिळालं. पुढच्या वर्षी क्योतोत त्यांना जागा मिळाली, तिथे चर्च आणि महारोग्यांसाठी इस्पितळ उभं राहिलं. त्या इस्पितळात थोडा वेळ थांबा. इथे लागते ती दरबारी जपानी नाही. कुठे दुखतंय, रात्री झोप लागली का, पाणी हवं का, एवढीच भाषा लागते. गोन्सालोला दोन्ही येत होत्या.

ऑक्टोबर १५९६मध्ये मनिलाहून मेक्सिकोला निघालेलं ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज वादळाने जपानातल्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागलं. हिदेयोशीने माल जप्त केला. स्पेनचा राजा आधी पाद्री पाठवतो आणि मागून सैन्य, असा संशय पक्का झाला. तो संशय निव्वळ वेडेपणा होता असं मी म्हणणार नाही. खाडीच्या या काठांवर क्रूस आणि तोफ एकाच जहाजातून उतरले होते आणि आपल्या पूर्वजांनी ते पाहिलं होतं. पण त्याची किंमत ज्यांनी दिली त्यांच्यात इस्पितळात पाणी देणारे होते आणि बारा वर्षांचा लुईस इबाराकीही होता.

जानेवारी १५९७. हिदेयोशीच्या हुकमावरून क्योतोत गोन्सालोसह चोवीस ख्रिस्ती कैद्यांच्या डाव्या कानाची पाळी कापली, गाड्यांवर बसवून शहरातून फिरवलं. मग ओसाका, साकाई आणि तिथून नागासाकीपर्यंतची वाट, ऐन हिवाळ्यात, महिनाभर. वाटेत आणखी दोघे त्यांत धरले गेले. सव्वीस जण. तुम्ही बरोबर चालताय. गावोगावची माणसं रस्त्याच्या कडेला उभी आहेत आणि त्यांच्या तोंडचं सगळं या चाळिशीच्या वसईकराला कळतंय. शिव्याही, हळहळही. कैद्यांमधल्या स्पॅनिश पाद्र्यांपेक्षा त्याला ती वाट जड गेली असेल, असं मला राहून राहून वाटतं.

५ फेब्रुवारी. निशिझाका टेकडी, खाली नागासाकीचं बंदर. क्रूस जमिनीवर आडवे ठेवलेले. सगळ्यांच्या पुढे गोन्सालो पोहोचतो आणि थेट एका क्रूसाकडे जातो. हा माझा का, असं विचारतो. नाही, असं उत्तर मिळतं. त्याला दुसऱ्याकडे नेतात, तिथे तो गुडघे टेकतो आणि क्रूसाला मिठी मारतो. लोखंडी कड्या, दोर, मग दोन बाजूंनी भाले.

१६२७ साली चर्चने या सव्वीस जणांना धन्य म्हटलं, ८ जून १८६२ रोजी संत. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत तो हाच. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे, त्याचा सण होतो. मला एवढंच हवंय की त्या सणाच्या प्रवचनात टेकडीवरच्या त्या सकाळीबरोबर क्यूशूतली ती आठ वर्षंही यावीत. चुकत, ऐकत, लोकांकडून दुरुस्त होत भाषा शिकलेला तो तरुण वसई-भाईंदरच्या मुलांच्या ओळखीचा व्हावा.

परतण्याआधी नागासाकीत अजून सहा वर्षं थांबा. १६०३. जेझुइटांच्या छापखान्यातून जपानी-पोर्तुगीज शब्दकोश बाहेर पडतोय, सुमारे बत्तीस हजार शब्दांचा. पुढच्याच वर्षी जुआँव रोद्रिगिश यांच्या मोठ्या व्याकरणाची छपाई सुरू होईल. हा रोद्रिगिशही पोरवयात जपानात आला आणि हिदेयोशीचा दुभाषी झाला. पण तो संघाचा माणूस होता, त्याला छापखाना मिळाला. शब्दकोश हातात घ्या, पानं चाळा. शेताचे शब्द, आजाराचे शब्द, दरबाराचे शब्द, शब्दांमागून शब्द. गोन्सालो क्यूशूत उतरला तेव्हा यातलं एक पानही अस्तित्वात नव्हतं.