एक्स-रे काढणाऱ्याला डिग्री कशाला?

गुलमंडीतले माझे पेशंट हमखास विचारतात, "डॉक्टर, बटण दाबायला डिग्री कशाला?"

१८९५ साली जर्मनीत रॉन्टगेन यांनी क्ष-किरण शोधले, तेव्हा ते वापरायचे कसे याचे शिक्षण कुठेच नव्हते. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली क्ष-किरणांच्या नळ्या स्वतःच्याच हातावर तपासायचा. हात भाजले, कॅन्सर झाला, हात कापावे लागले. १९०४ मध्ये तो गेला. अशांचे स्मारक १९३६ पासून हॅम्बुर्गला आहे. किरणांची मात्रा किती, कुणाला, शरीराचा कोणता भाग झाकायचा, हे सगळे अशा अनुभवांतून ठरत गेले.

आपल्या घाटीचे मेडिकल कॉलेज १९५६ चे. इमेजिंगचे पदवी शिक्षण मात्र आपल्याकडे बरेच उशिरा रुळले, आणि या तंत्रज्ञांसाठी देशभराचा कायदा तर थेट २०२१ साली आला!

मध्यंतरी एका नवविवाहितेला मी कंबरेचा एक्स-रे लिहून दिला. पाळीबद्दल विचारायचे माझ्याकडून राहिले. सासूबाई सोबत होत्या, त्यामुळे तीही बोलली नाही. एक्स-रे काढणाऱ्या मुलीने तिला एकटीला आत घेऊन विचारले. पाळी दहा दिवस चुकली होती. एक्स-रे न काढताच चिठ्ठी माझ्याकडे परत आली.