वाट काढणारा आणि वाट करून देणारे

फुटबॉल हा शब्द उच्चारला की पायाने खेळावयाचा गोल चेंडूचा खेळ आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. अमेरिकेत मात्र त्याच नावाने ओळखला जाणारा खेळ सर्वस्वी निराळा आहे. त्यातील चेंडू लांबट व दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो बहुतांशी हातात धरून पळावयाचा किंवा हाताने फेकावयाचा असतो. दोन्ही पक्षांचे अकरा-अकरा गडी, शंभर यार्डांचे मैदान आणि नियम असा की, चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकले पाहिजे. ते न साधले तर चेंडू प्रतिपक्षाच्या हाती जातो. थोडक्यात, तसूतसूने जमीन जिंकण्याचा हा खेळ आहे.

ही जमीन जिंकण्यासाठी चेंडू छातीशी धरून जो गडी प्रतिपक्षाच्या गर्दीत शिरतो, त्याला तेथे ‘रनिंग बॅक’ म्हणतात; आपण त्याला धावक म्हणू. त्याच्या पुढे पाच धिप्पाड गड्यांची फळी उभी असते. या पाचांनी सामान्यतः चेंडू घेऊन पळावयाचे नाही, फेकलेला चेंडू झेलावयाचा नाही. समोरच्या गड्याला अंगाच्या जोराने रेटून बाजूस सारावयाचे आणि क्षणभर एक फट उघडी करावयाची, एवढेच त्यांचे काम. धावक त्या फटीतून निसटला की हजारो प्रेक्षक उठून उभे राहतात. फट करून देणारा त्या वेळी पुष्कळदा जमिनीवर पालथा पडलेला असतो. नोंदवहीत धावकाच्या नावावर यार्ड लिहिले जातात. त्या पाचांच्या नावावर काहीही लिहिले जात नाही.

मग थोर धावकांची परस्परांशी तुलना करावयाची ती कशाच्या आधारे? अमुक धावक मोठा की त्याची फळी मोठी, हा वाद अमेरिकेतील क्रीडारसिक पिढ्यान्‌पिढ्या घालीत आले आहेत. वरवर पाहता हा करमणुकीचा विषय आहे. परंतु त्याच्या मुळाशी इतिहासकाराला नित्य भेडसावणारा प्रश्न आहे. कर्तृत्व अनेकांचे आणि कीर्ती एकाची, असे असताना न्याय कसा करावयाचा?

हा वाद किती जुना आहे हे १९२४ सालच्या एका घटनेवरून दिसून येते. त्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात नोत्र दाम विद्यापीठाच्या संघाने सैनिकी अकादमीच्या संघाचा पराभव केला. ग्रँटलंड राईस नावाच्या वृत्तपत्रकाराने विजयी संघाच्या मागील फळीतील चौघांना बायबलमधील चार घोडेस्वारांची उपमा दिली. लवकरच त्या चौघांचे घोड्यांवर बसलेले छायाचित्र देशभर प्रसिद्ध झाले आणि ते चौघे अजरामर झाले. त्या काळच्या संघरचनेत पुढील फळीत सात गडी असत. त्यांना लोक ‘सात खेचरे’ म्हणू लागले. घोडेस्वार श्रेष्ठ की खेचरे, यावर संघात एकदा मतदान झाले व खेचरे चाराविरुद्ध सात मतांनी विजयी झाली, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यातील विनोदाला कडू चव आहे.

पुढे व्यावसायिक खेळाचे युग आले आणि आकड्यांना महत्त्व चढले. क्लीव्हलंडच्या ब्राउन्स संघाचा जिम ब्राउन १९५७ ते १९६५ अशी अवघी नऊ वर्षे खेळला. त्यांपैकी आठ वर्षे तो सर्व धावकांत पहिला होता. १२,३१२ यार्ड आणि प्रत्येक धावेमागे सरासरी ५.२ यार्ड, ही त्याची कमाई. पुष्कळ जाणकार आजही त्याला सर्वश्रेष्ठ मानतात. परंतु त्याच्या निवृत्तीनंतर काय झाले हेही पाहिले पाहिजे. त्याच्या जागी आलेला लिरॉय केली १९६७ आणि १९६८ अशी लागोपाठ दोन वर्षे धावकांत पहिला आला. धावक बदलला होता. परंतु त्याच्यापुढे धावून वाट मोकळी करणारा जीन हिकरसन तोच होता. या हिकरसनचे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. अखेरीस आपल्याला त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

आकड्यांची तुलना करताना काळाचेही भान ठेवावे लागते. ब्राउनच्या आरंभीच्या काळात एका हंगामात बारा सामने होत. १९६१ पासून ते चौदा झाले, १९७८ पासून सोळा आणि २०२१ पासून सतरा. बफेलो संघाच्या ओ. जे. सिम्सनने १९७३ मध्ये चौदा सामन्यांत २,००३ यार्ड मिळविले. एका हंगामात दोन हजारांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला धावक. १९८४ मध्ये एरिक डिकरसनने सोळा सामन्यांत २,१०५ यार्ड केले आणि तो विक्रम २०२४ च्या हंगामातही अबाधित राहिला. एकूण बेरीज डिकरसनची मोठी, तर दर सामन्याची सरासरी सिम्सनची मोठी. सिम्सनच्या उत्तरायुष्यातील खटल्याची कथा सर्वश्रुत आहे व ती येथे सांगण्याचे कारण नाही. परंतु १६ डिसेंबर १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये विक्रम पुरा झाल्यावर तो वार्ताहरांपुढे एकटा गेला नाही. आपल्या फळीतील गड्यांना त्याने बरोबर नेले आणि त्यांची ओळख करून दिली. त्या फळीला ‘इलेक्ट्रिक कंपनी’ असे नाव होते. कारण सिम्सनचे टोपणनाव ‘ज्यूस’, आणि बोली इंग्रजीत त्याचा एक अर्थ विजेचा प्रवाह असाही होतो. प्रवाह कोण पुरवितो, हे निदान त्या दिवशी तरी जगाला समजले.

या वादाचे सर्वांत गाजलेले पर्व मात्र १९९० च्या दशकातले. डॅलसचा एमिट स्मिथ आणि डेट्रॉइटचा बॅरी सँडर्स हे जवळजवळ समवयस्क. स्मिथने कारकिर्दीत १८,३५५ यार्ड मिळवून सर्वांना मागे टाकले आणि तीन वेळा विजेतेपद अनुभवले. सँडर्सने दहा हंगामांत १५,२६९ यार्ड मिळविले आणि विक्रम हाताशी आला असता १९९९ मध्ये तो अकस्मात निवृत्त झाला. विजेतेपद त्याला कधीच लाभले नाही. धावेमागील सरासरी स्मिथची ४.२, सँडर्सची ५.०. लोकांचा निकाल ठरलेला: स्मिथ फळीमुळे मोठा झाला आणि सँडर्स फळी नसतानाही मोठा होता.

पुराव्यांकडे शांतपणे पाहिले तर हा निकाल टिकत नाही. डॅलसची फळी भव्य होती, हे खरे. नेट न्यूटन, मार्क ट्विनेई, एरिक विल्यम्स आणि पुढे लॅरी ॲलन ही त्यातील नावे. परंतु १९९३ च्या हंगामारंभी वेतनाच्या तंट्यामुळे स्मिथ दोन सामने खेळला नाही आणि गतविजेता डॅलस ते दोन्ही सामने हरला. स्मिथ परतला आणि त्याच हंगामात संघ पुन्हा विजेता ठरला. अखेरच्या साखळी सामन्यात खांदा निखळलेला असतानाही तो १६८ यार्ड धावला. खांद्याची वेदना सोसण्याचे काम काही फळीने केले नव्हते. दुसरीकडे सँडर्सही अगदी निराधार नव्हता. लोमास ब्राउन आणि केव्हिन ग्लोव्हर यांच्यासारखे नामांकित गडी त्याच्यापुढे उभे असत. सँडर्सची धावण्याची रीतच अशी की, ठरलेली फट सोडून तो मागे वळे, नवी वाट शोधी. कधी ऐंशी यार्ड मिळवी, तर कधी होते तेही गमावी. १९९४ च्या हंगामात त्याने १,८८३ यार्ड मिळविले. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ग्रीन बे येथील बाद फेरीच्या सामन्यात, तेरा धावांची त्याची बेरीज उणे एक यार्ड झाली! अशा धावकासाठी फट धरून ठेवणे फळीलाही कठीणच. तात्पर्य, धावक व फळी ही दोन निरनिराळी खाती नाहीत. एकाच्या स्वभावाने दुसऱ्याचे काम घडते किंवा बिघडते.

दोन उदाहरणे तर जणू प्रयोगशाळेतली आहेत. पहिले डेन्व्हरचे. तेथे ॲलेक्स गिब्ज या प्रशिक्षकाने तुलनेने हलक्या पण चपळ गड्यांची फळी घडविली. साऱ्या फळीने एकाच दिशेने सरकावे आणि जेथे फट पडेल तेथून धावकाने एकदाच वळून घुसावे, ही तिची पद्धत. १९९८ मध्ये तिच्यामागे टेरेल डेव्हिसने २,००८ यार्ड मिळविले. त्याचा गुडघा जायबंदी झाल्यावर १९९९ मध्ये ओलँडिस गॅरीने १,१५९, तर २००० मध्ये माईक अँडरसनने १,४८७ यार्ड मिळविले. हे दोघेही पहिल्याच हंगामातले नवखे खेळाडू होते. येथे पारडे फळीकडे झुकते. परंतु २००२ मध्ये त्याच फळीमागे १,५०८ यार्ड धावणारा क्लिंटन पोर्टिस पुढे वॉशिंग्टनला गेला आणि २००५ मध्ये तेथेही त्याने १,५१६ यार्ड मिळविले.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. सेक्वॉन बार्कलीने २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दुबळ्या फळीमागे ९६२ यार्ड मिळविले, सरासरी ३.९. पुढच्याच वर्षी तो फिलाडेल्फियाच्या बलाढ्य फळीमागे आला आणि त्याने २,००५ यार्ड मिळविले, सरासरी ५.८. माणूस तोच, पाय तेच, वयाने उलट एक वर्ष मोठा. प्रत्येक धावेमागील जवळजवळ दोन यार्डांचा हा फरक पाहिला की, नोंदवहीत न लिहिलेल्या श्रमाचे मोल काय असते याची कल्पना येते.

या श्रमाची किंमतही मोठी असते. पिट्सबर्ग संघाच्या फळीच्या मध्यभागी माईक वेब्स्टर १९७४ ते १९८८ अशी पंधरा वर्षे उभा होता. फ्रँको हॅरिस या थोर धावकाची वाट तो करून देई. २००२ मध्ये वयाच्या पन्नासाव्या वर्षी, विपन्न व भ्रमिष्ट अवस्थेत, वेब्स्टरचा अंत झाला. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूची तपासणी केली, तेव्हा वारंवार बसणाऱ्या आघातांशी निगडित असलेला विकार त्यात आढळला. व्यावसायिक फुटबॉलपटूच्या मेंदूत तो आढळण्याची ती पहिली वेळ. एकेका फटीसाठी दिलेली टक्कर कोठल्याही वहीत जमा झाली नव्हती. ती त्याच्या मस्तकात जमा होत राहिली होती.

म्हणून थोर धावकांची तुलना जरूर करावी. परंतु प्रत्येक आकडा सहा जणांचा समजून वाचावा, आणि मग त्या सहांतील एकाने स्वतःचे असे काय घातले ते शोधावे. ब्राउनचे बळ, स्मिथची चिवट सहनशीलता, सँडर्सची अकल्पित वळणे यांचे तेज अशा वाचनाने तसूभरही कमी होत नाही. कमी होतो तो फक्त इतरांवरील अन्याय.

आता हिकरसनकडे वळू. तो १९७३ मध्ये निवृत्त झाला. ज्यांची वाट त्याने करून दिली ते जिम ब्राउन, बॉबी मिचेल व लिरॉय केली हे तिघेही ओहायोमधील कँटन येथील फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात कधीच जाऊन बसले होते. हिकरसनची पाळी यावयास २००७ साल उजाडले. तोवर स्मृतिभ्रंशाने त्याला घेरले होते आणि तो चाकांच्या खुर्चीत होता. त्या समारंभात त्याची खुर्ची ढकलीत व्यासपीठावर आणली ती ब्राउन, मिचेल आणि केली यांनी. आयुष्यभर ज्याच्या पाठीमागून ते धावले, त्याच्या पाठीमागून ते तिघे आणखी एकदा चालले. पुढच्याच वर्षी हिकरसनचे निधन झाले. धावक श्रेष्ठ की फळी, या वादावर पंडितांनी पुष्कळ लिहिले आहे. त्या तीन वृद्ध धावकांनी आपले उत्तर त्या दिवशी न बोलता दिले.