सावेदादांची फीत आणि निजामाचा मुसव्विर

भालकी-हुमनाबादेकडे किंवा गुलबर्ग्याच्या आसमंतात ज्याने जत्रेच्या फडात दाटीने उभे राहून कुस्ती पाहिली आहे, त्याला १८९९ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची जी झुंज झाली, तिची रंगत निराळी वर्णून सांगावयास नको. नवलाची गोष्ट एवढीच की, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे छायाचित्रकार विलायतेहून २१ गिनींस मागविलेला कॅमेरा घेऊन त्या दिवशी तेथे हजर होते, आणि त्यांनी टिपलेली ती कुस्ती हा हिंदी माणसाने काढलेला पहिला माहितीपट मानला जातो.

१८९६ च्या जुलैत वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचे खेळ झाले, तेव्हापासून सावेदादांना हा नाद लागला. परंतु फीत धुण्यासाठीसुद्धा ती विलायतेस रवाना करावी लागे, असा तो खर्चाचा मामला होता. तरीही १९०१ च्या डिसेंबरात, केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मुंबईस परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचे चित्रण या गृहस्थाने केले. गणितात पहिला आलेल्या विद्वानासाठी फीत खर्ची घालणे, याला मी रसिकता म्हणतो. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ला अद्याप बारा वर्षे अवकाश होता.

आमचा बिदर-गुलबर्ग्याचा मुलूख त्या काळी निजामाच्या अमलाखाली होता, आणि १८९४ साली 'राजा मुसव्विर जंग बहादूर' (मुसव्विर म्हणजे चित्रकार) हा किताब पावलेले लाला दीनदयाळ हे त्या दरबाराचे छायाचित्रकार होते. १९०३ च्या दिल्ली दरबारात दीनदयाळांचा कॅमेरा होता, तसाच सावेदादांचाही. एकाने हत्ती, अंबाऱ्या आणि संस्थानिक काचेवर स्थिर केले, दुसऱ्याने तोच लवाजमा चालता-बोलता नव्हे, तरी चालता टिपला. माझ्या मते या दुसऱ्या कामाचे मोल अधिक, कारण दरबाराची ऐट मुद्रेत असते, तशी चालीतही असते.

दीनदयाळ १९०५ मध्ये निवर्तले. सावेदादांनी १९०७ मध्ये कॅमेरा विकून टाकला आणि पुढे गेइटी थिएटरची व्यवस्था पाहिली. दीनदयाळांच्या काचेच्या हजारो निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राच्या दप्तरी सुरक्षित आहेत. सावेदादा २० फेब्रुवारी १९५८ रोजी वारले. त्यांची एकही फीत पाहावयास मिळत नाही.